वॉटसनला नको असलेली दोन अक्षरं

या भागात आकडे बरेच आहेत, आणि कानाने ऐकताना ते भराभर निसटतात. म्हणून ज्यांना निवांत वाचायचंय त्यांच्यासाठी हा लिखित पाठ.

सुरुवात करू ३१ मे २००७ पासून. अमेरिकेतल्या ह्यूस्टन शहरात एक छोटासा समारंभ झाला. सत्कारमूर्ती जेम्स वॉटसन. होय, तोच, १९५३ साली फ्रान्सिस क्रिकबरोबर डीएनएची वळलेली शिडी जगाला दाखवणारा. वय ७९. त्या दिवशी त्याला भेट काय मिळाली, तर स्वतःचा अख्खा जीनोम. साधारण ३ अब्ज अक्षरं, एका माणसाची, डिजिटल स्वरूपात. वॉटसनचं म्हणणं होतं की हे सगळं इंटरनेटवर टाका, कोणालाही बघू द्या, मला लपवण्यासारखं काही नाही.

फक्त एक जागा सोडून. एपीओई नावाचं एक जनुक आहे, उच्चार ‘एपो-ई’. तेवढं मला सांगू नका आणि जगालाही दाखवू नका, असं त्याने बजावलं होतं. कारण त्याच्या एका आजीला अल्झायमर झाला होता.

म्हणजे बघा, कॅन्सर, हृदयविकार, काय वाटेल ते कळलं तरी चालेल, पण म्हातारपणी आपली आठवण जाणार का, हे नको. नोबेल मिळालेला माणूस, आणि भीती मात्र तुमच्या-माझ्या घरातलीच.

आता गंमत ऐका. मी सॉफ्टवेअरवाला आहे, त्यामुळे हा भाग मला विशेष आवडतो. संशोधकांनी तेवढं जनुक फाइलमधून काढून टाकलं आणि बाकी सगळं प्रसिद्ध केलं. मग ऑस्ट्रेलियातल्या काही जनुकशास्त्रज्ञांनी दाखवून दिलं की असं झाकून काही उपयोग नाही. डीएनए पिढ्यान्‌पिढ्या तुकड्या-तुकड्यांनी वाटलं जातं. शेजारची अक्षरं सहसा एकत्रच प्रवास करतात. त्यामुळे आजूबाजूची अक्षरं बघून मधलं गाळलेलं अक्षर बऱ्यापैकी ओळखता येतं. पासवर्ड काळ्या पट्टीखाली लपवला, पण शेजारच्या लॉगमध्ये तो तसाच पडून राहिला, त्यातली गत. २००९ साली हा पेपर आला. वॉटसनच्या लोकांना मग त्या जनुकाभोवतीची सुमारे २० लाख अक्षरं उडवावी लागली. एक गोष्ट लपवायला २० लाख!

तर या एपो-ईमध्ये असं आहे तरी काय?

थोडं मागे जाऊ. १९०१ साली फ्रँकफर्टच्या मनोरुग्णालयात ऑगस्टे डेटर ही ५१ वर्षांची बाई दाखल झाली आणि अलोइस अल्झायमर या डॉक्टरने तिची नोंद ठेवली. १९०६ मध्ये ती वारल्यावर त्याने तिच्या मेंदूचे काप सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले. पेशींच्या बाहेर साचलेला चिकट कचरा आणि पेशींच्या आत गुंतलेले धागे, या दोन गोष्टी त्याला दिसल्या. कचऱ्याला आज आपण अमायलॉइड म्हणतो, धाग्यांना टाऊ. ही गोष्ट बऱ्याच जणांना माहीत असेल, म्हणून इथे थांबत नाही.

त्यानंतर ऐंशीचं दशक. १९८४ मध्ये जॉर्ज ग्लेनर आणि केन वाँग यांनी अमायलॉइड वेगळं काढून त्याची रचना वाचली. पुढच्या काही वर्षांत अशी जनुकं सापडली की ज्यांच्यात बिघाड असला तर चाळिशी-पन्नाशीतच अल्झायमर होतो. पण ही घराणी जगात फार थोडी. आपल्या आजूबाजूला जे सत्तरी-ऐंशीतले लोक विसरायला लागतात, त्यांचं काय? तिथे आनुवंशिकतेचा काही संबंध असेल असं तेव्हा फार कोणी मानत नव्हतं. म्हातारपण म्हटलं की विसरणं आलंच, एवढंच उत्तर.

अमेरिकेतल्या ड्यूक विद्यापीठात ॲलन रोझेस नावाचा एक हट्टी न्यूरॉलॉजिस्ट होता. म्हातारपणी अल्झायमर झालेल्या कुटुंबांचे नमुने त्याच्या गटाने गोळा केले होते आणि १९९१ मध्ये त्यांना १९व्या गुणसूत्रावर काहीतरी आहे असा सुगावा लागला. काय आहे ते कळेना. त्याच प्रयोगशाळेत वॉरन स्ट्रिटमॅटर वेगळंच काम करत होता. मेंदूभोवतीच्या द्रवात असं कोणतं प्रोटीन आहे जे अमायलॉइडला चिकटतं, हे तो शोधत होता. त्याला सापडलं एपो-ई. हे प्रोटीन म्हणजे कोलेस्टेरॉल आणि चरबी वाहून नेणारा हमाल. हृदयरोगवाल्यांना ते आधीपासून ओळखीचं होतं, मेंदूवाल्यांना त्यात काडीचा रस नव्हता. रोझेसच्या डोक्यात मात्र ट्यूब पेटली, कारण एपो-ईचं जनुक नेमकं १९व्या गुणसूत्रावरच बसतं.

या जनुकाच्या तीन आवृत्त्या माणसांत फिरतात: ई-२, ई-३ आणि ई-४. प्रोटीनमध्ये एकूण २९९ अमिनो आम्लं असतात, आणि या तिघांमधला फरक फक्त दोन ठिकाणी, ११२ आणि १५८ या क्रमांकांवर. डीएनएच्या भाषेत दोन अक्षरं. ३ अब्जांतली दोन! प्रत्येकाकडे या जनुकाच्या दोन प्रती असतात, एक आईकडून, एक वडिलांकडून.

१९९३ मध्ये रोझेसच्या गटाने ४२ कुटुंबांचा अभ्यास प्रसिद्ध केला. ई-४ ची एकही प्रत नाही, तर त्या कुटुंबांत अल्झायमरचा धोका २० टक्के. दोन प्रती असतील तर ९० टक्के. आजार सुरू होण्याचं सरासरी वय ८४ वरून ६८ वर घसरलेलं. आता हे आकडे ज्या घराण्यांत आजार आधीपासूनच होता तिथले आहेत, हे विसरू नका. सर्वसाधारण लोकसंख्येत चित्र इतकं भयानक नाही. १९९७ मध्ये बऱ्याच अभ्यासांची एकत्र मोजदाद झाली. त्यात युरोपीय वंशाच्या लोकांत एक ई-४ असला की शक्यता सुमारे ३ पट, दोन असले की सुमारे १५ पट निघाली. जपानी लोकांत हे आकडे आणखी चढे, तर आफ्रिकन-अमेरिकन लोकांत एका प्रतीचा परिणाम जवळजवळ नाहीच. अक्षरं तीच, पण माणसं बदलली की अर्थ बदलतो. आणि दोन्ही बाजूंनी सांगायचं तर, ई-४ असूनही नव्वदीपर्यंत ठणठणीत राहिलेले लोक आहेत, आणि एकही ई-४ नसताना अल्झायमर झालेलेही भरपूर आहेत.

हे झालं जनुकाचं. पण जनुक म्हणजे कोड. कोड वाचून प्रोग्राम चालताना काय होतंय ते कळत नाही. त्यासाठी चालू मेंदूत डोकवावं लागतं.

१९९६ मध्ये ॲरिझोनातल्या एरिक रीमनने ५० ते ६५ वयाची, आठवण अगदी शाबूत असलेली माणसं घेतली. ११ जणांकडे ई-४ च्या दोन प्रती, २२ जणांकडे एकही नाही. पेट स्कॅनमध्ये मेंदूचा कोणता भाग किती साखर जाळतो ते दिसतं. दोन प्रतीवाल्यांच्या मेंदूत साखर कमी जळत होती, आणि तीही नेमक्या त्याच भागांत, जिथे अल्झायमरच्या रुग्णांत ती कमी जळते. तक्रार मात्र कोणाचीच नव्हती.

मग २००० साली लॉस एंजेलिसमध्ये सुझन बुकहायमर आणि सहकाऱ्यांनी एक प्रयोग केला, जो मला या सगळ्या इतिहासात सर्वात जास्त आवडतो. ३० माणसं, वय ४७ ते ८२, सगळी धडधाकट. १६ जणांकडे ई-४, बाकी १४ जणांकडे दोन्ही ई-३. त्यांना एमआरआयच्या बोगद्यात झोपवून शब्दांच्या जोड्या पाठ करायला आणि आठवायला लावल्या आणि त्या वेळी मेंदूचा कोणता भाग किती काम करतोय ते पाहिलं. तुम्हाला काय वाटतं, ई-४ वाल्यांचा मेंदू कमी चालला असेल?

उलट झालं. त्यांचा मेंदू जास्त चालत होता. हिप्पोकॅम्पस, म्हणजे नवीन आठवणी बनवणारा कानामागच्या खोलीतला इवलासा भाग, शिवाय कपाळामागचा भाग, सगळीकडे जास्त धावपळ. म्हणजे परिणाम सारखा, पण तिथे पोचायला कष्ट जास्त. आमच्याकडे प्रॉडक्शनला असं नेहमी होतं. वेबसाइट वेळेत उघडते, युजर खूश, आणि मॉनिटरिंगवर बघावं तर सर्व्हर नव्वद टक्क्यांवर घामाघूम. दोन वर्षांनी काही जणांची पुन्हा स्मरणचाचणी घेतली. ज्यांचा मेंदू पहिल्या वेळी जास्त राबत होता, त्यांची आठवण जास्त घसरली होती.

३० माणसांचा प्रयोग हा लहानच, आणि त्यावरून कोणा एकाचं भविष्य सांगता येत नाही. पण प्रश्न विचारायची दिशा बदलली. आठवण जाते तेव्हा नव्हे, त्याच्या कितीतरी आधी बघायला हवं, हे पटलं. पुढे २००४ मध्ये रीमनने २० ते ३९ वयाच्या ई-४ वाल्यांतही साखर कमी जळताना दाखवली. मी २८ वर्षांचा आहे. ते वाचलं तेव्हा चहा जरा थंडच झाला माझा.

तरी एक मोठी अडचण होती. अमायलॉइड खरंच साचलंय का, हे बघायचा एकच खात्रीचा मार्ग होता: माणूस मेल्यावर मेंदू उघडणं. ही अडचण सोडवली पिट्सबर्गच्या दोघांनी, मनोविकारतज्ज्ञ विल्यम क्लंक आणि किरणोत्सारी रसायनांचा जाणकार चेस्टर मॅथिस. क्लंकने सुरुवात केली काँगो रेडपासून. हा मुळात कापड रंगवायचा रंग. तो अमायलॉइडला छान चिकटतो, म्हणून पॅथॉलॉजीवाले तो पिढ्यान्‌पिढ्या वापरत आलेले. पण जिवंत माणसाच्या रक्तात टाकला तर मेंदूच्या वेशीवरच अडतो. मग ते थायोफ्लेविन नावाच्या दुसऱ्या रंगाकडे वळले. त्या रेणूवरचा विद्युतभार काढून टाकला आणि तो मेंदूत शिरला. त्यावर किरणोत्सारी कार्बन बसवला आणि तयार झालं पिट्सबर्ग कंपाउंड बी. हा कार्बन दर २० मिनिटांनी निम्मा होतो, म्हणजे बनवा आणि पळा! पहिला मानवी स्कॅन फेब्रुवारी २००२ मध्ये झाला, तोही अमेरिकेत नव्हे, स्वीडनमधल्या उप्साला इथे, कारण तिथे परवानगी लवकर मिळाली. २००४ मध्ये १६ रुग्ण आणि ९ निरोगी माणसांचा निकाल छापून आला. रुग्णांच्या कपाळामागच्या भागात हा रंग निरोगी माणसांच्या जवळजवळ दुप्पट साचलेला. अल्झायमरने मेलेल्या मेंदूत जे पाहिलं होतं, ते ९८ वर्षांनी जिवंत माणसात पडद्यावर दिसलं.

सगळं सुटलं असं वाटलं ना? २००८ मध्ये त्याच पिट्सबर्गमध्ये आठवण शाबूत असलेल्या ४३ ज्येष्ठांचा स्कॅन केला, तर ९ जणांच्या मेंदूत अमायलॉइड निघालं. कचरा आहे, घर मात्र व्यवस्थित चालू आहे. इथून पुढे ‘निरोगी’ आणि ‘आजारी’ यांच्यात रेघ कुठे मारायची यावर जी भांडणं सुरू झाली ती अजून मिटलेली नाहीत. माझं मत विचाराल तर, ज्याला काहीच त्रास नाही त्याला एका रंगीत चित्रावरून रुग्ण ठरवणं मला पटत नाही.

आता घरचं थोडं सांगतो. माझ्या आईची आई कराडला असते. गेली तीन वर्षं ती हळूहळू विसरत चालली आहे. मला ओळखते, पण मी अजून बारावीत आहे असं तिला वाटतं. मध्ये एकदा गवार मोडता मोडता आईने विचारलं, “अरे, थुंकी पाठवली की कळतं म्हणे आपल्याला होणार का ते?” मी म्हटलं, “धोका कळतो, होणार का ते नाही कळत.” ती म्हणाली, “मग तू करून बघ ना आधी. मला नको.”

आई बोलून गेली सहज, पण यातला पेच बघा. समजा मी चाचणी केली आणि माझ्याकडे ई-४ च्या दोन प्रती निघाल्या. एक वडिलांकडून, एक आईकडून. म्हणजे आईला नको असलेलं उत्तर तिची थुंकी न घेता मिळालं. एकच निघाली तर ती कोणाची, या प्रश्नावर घरात दोघंही एकमेकांकडे बघत बसणार. वॉटसनच्या शेजारच्या अक्षरांनी जसं गुपित फोडलं, तसं इथे मुलगा फोडणार.

आणि कळण्याचाही परिणाम होतो. २०१४ मध्ये एक अभ्यास आला. आठवण शाबूत असलेले ज्येष्ठ नागरिक. त्यातल्या ई-४ वाल्या काहींना आपला निकाल माहीत होता, काहींना नव्हता. ज्यांना माहीत होता त्यांनी आपल्या स्मरणशक्तीला कमी गुण दिलेच, पण शाब्दिक स्मरणाच्या चाचणीतही ते न कळलेल्यांपेक्षा मागे पडले. जनुक तेच, फरक फक्त कळण्याचा. दुसऱ्या बाजूने हेही खरं की २००९ च्या एका अमेरिकन अभ्यासात, ज्यांच्या आई किंवा वडिलांना अल्झायमर होता अशा १६२ जणांपैकी काहींना समुपदेशनासह निकाल सांगितला, तेव्हा त्यांच्यात चिंता किंवा नैराश्य लक्षणीय वाढलं नाही. म्हणजे नीट बसवून सांगणारं कोणी असलं तर माणसं कोसळत नाहीत. घरपोच डबीत ते समुपदेशन येत नाही, ही माझी अडचण आहे.

“हे सगळं गोऱ्यांवर झालंय, आपलं काय?” असं तुम्ही विचाराल. बरोबरच आहे. आपल्याकडचा गाजलेला अभ्यास हरियाणातल्या बल्लभगडचा, एम्सच्या ग्रामीण आरोग्य प्रकल्पाच्या २८ गावांतला. विजय चंद्रा, मेरी गांगुली आणि सहकाऱ्यांनी ५५ वर्षांवरचे ५१२६ लोक तपासले. त्यातले जवळजवळ तीन-चतुर्थांश निरक्षर. आता परदेशी स्मरणचाचणी यांना कशी देणार? तारीख विचारली तर शेतात राबणारी आजी कशाला सांगेल? म्हणून हिंदीत वेगळी चाचणी घडवली. तारखेऐवजी ‘आत्ता सकाळ आहे, दुपार की संध्याकाळ’ असं विचारायचं. ‘डोळे मिटा’ हे वाचून तसं करायला सांगण्याऐवजी, ‘माझ्याकडे बघा आणि मी करतो तसं करा’ असं म्हणून आपणच डोळे मिटायचे. मला विचाराल तर या कामाला स्कॅनरइतकाच मान मिळायला हवा.

निकाल १९९८ मध्ये आला: ६५ वर्षांवरच्या लोकांत अल्झायमर १.०७ टक्के. जगात नोंदलेल्या सर्वात कमी आकड्यांपैकी एक. मग त्यांनी एपो-ई तपासलं आणि तुलना केली पिट्सबर्गजवळच्या मोनोंगहेला खोऱ्याशी. तिथे ई-४ चं प्रमाण ११ टक्के, बल्लभगडला ७. पण ज्यांच्याकडे ई-४ आहे त्यांच्यात आजाराशी त्याचं नातं दोन्हीकडे सारखंच. मग आकडा एवढा कमी का? हळद, शाकाहार अशी उत्तरं व्हॉट्सॲपवर फिरतात, त्यांना सध्या बाजूला ठेवा. आयुर्मान कमी असलं की आजार गाठेपर्यंत माणूसच उरत नाही, हे एक. आणि एकत्र कुटुंबात आजोबांकडून हिशोबाची अपेक्षाच नसते, मग ते चुकतात हे कोणाच्या लक्षात येणार? २०२३ मध्ये देशभरच्या सर्वेक्षणातून अंदाज आला की ६० वर्षांवरच्या ७.४ टक्के भारतीयांना कोणत्या ना कोणत्या प्रकारचा स्मृतिभ्रंश आहे, म्हणजे सुमारे ८८ लाख माणसं. दोन्ही आकड्यांची व्याख्या वेगळी, त्यामुळे थेट वजाबाकी करू नका. पण ‘आपल्याकडे हे नसतंच’ हे म्हणायची सोय आता राहिली नाही. सध्या बंगळुरूचं सेंटर फॉर ब्रेन रिसर्च कोलार जिल्ह्यातल्या श्रीनिवासपुरा भागात ४५ वर्षांवरच्या हजारो गावकऱ्यांचे जनुक आणि एमआरआय दोन्ही वर्षानुवर्षं नोंदवत आहे. खरी उत्तरं तिथून यायला लागतील.

एक शेवटची गोष्ट, कोलंबियाची. अँटिओकिया प्रांतातल्या डोंगरी गावांत एक विस्तारलेलं घराणं आहे, हजारो माणसांचं. त्यांच्यात एका वेगळ्याच जनुकातला बिघाड पिढ्यान्‌पिढ्या चालत आलाय, आणि ज्यांच्याकडे तो आहे त्यांची आठवण साधारण ४४व्या वर्षापासून ढासळायला लागते. फ्रान्सिस्को लोपेरा या डॉक्टरने चार दशकं या लोकांच्या घरी जाऊन नोंदी ठेवल्या. त्यात एक बाई होत्या, अलिरिया पिएद्राइता. बिघाड त्यांच्यातही होता, पण सत्तरीपर्यंत त्यांना काहीच झालं नाही. २०१६ मध्ये त्यांना बोस्टनला नेऊन स्कॅन केलं. मेंदू अमायलॉइडने भरलेला, घराण्यातल्या इतर कोणापेक्षाही जास्त. टाऊ मात्र अगदी थोडं. मग जीनोम वाचला, आणि फरक कुठे सापडला सांगा? एपो-ईमध्येच. १३६व्या जागी एक दुर्मीळ बदल, क्राइस्टचर्च नावाचा, दोन्ही प्रतींत. २०१९ मध्ये हे प्रसिद्ध झालं. पुढच्या वर्षी, ७७व्या वर्षी त्या गेल्या. २०२४ मध्ये त्याच घराण्यात या बदलाची एकच प्रत असलेले २७ जण सापडले. त्यांना आजार सुमारे ५ वर्षं उशिरा गाठतो. वॉटसनने जे पान फाडून टाका म्हटलं होतं, त्याच पानावर हेही लिहिलेलं असू शकतं.

आणि आता तर ते पान बघणं काही जणांना भाग पडतंय. मेंदूतलं अमायलॉइड साफ करणारं लेकॅनेमॅब हे औषध अमेरिकेत जुलै २०२३ मध्ये पूर्ण मंजूर झालं. आजार थांबत नाही, १८ महिन्यांत घसरण सुमारे २७ टक्क्यांनी मंदावते. पण मेंदूला सूज येण्याचा धोका असतो. चाचणीत ई-४ नसलेल्यांपैकी ५.४ टक्के लोकांत ती दिसली, एक प्रत असलेल्यांपैकी १०.९ टक्के, दोन प्रती असलेल्यांपैकी ३२.६ टक्के. म्हणून औषधाआधी एपो-ई तपासा असं तिथलं लेबल सांगतं, आणि युरोपने २०२५ मध्ये मंजुरी देताना दोन प्रतीवाल्यांना वगळलंच. म्हणजे ज्यांना धोका सर्वात जास्त, त्यांनाच दार बंद.

मी अजून थुंकी पाठवलेली नाही. आई हो म्हणाली तर दोघांची मिळून आणि समोर जनुक-समुपदेशक बसवूनच, असं आमचं ठरलंय. तुमच्यापैकी कोणी केली असेल तर घरात आधी कोणाशी बोललात, ते मला नक्की कळवा; निकाल नको, तो तुमच्याकडेच ठेवा.

पुढच्या भागात हेन्री मोलेसनची गोष्ट: १९५३ सालचं एक ऑपरेशन, आणि त्यानंतर नवीन आठवणच न बनलेली पंचावन्न वर्षं. भेटू.